लहानपणी टॉन्सिल्स काढले तर पुढे एमएसचा धोका वाढतो का?

निशिगंधा

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस विचारू की नको करत होते, शेवटी विचारतेच. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याचे टॉन्सिल्स कायम सुजलेले असतात, घसा धरला की ताप, ताप आला की अँटिबायोटिक, ते संपून जरा बरा होतोय तोवर परत तेच, शाळा बुडते ती वेगळीच. आणि गेले काही महिने रात्रीचं घोरणं सुरू झालंय. हे साधं घोरणं नाही. तोंड उघडं टाकून, मान मागे टाकून झोपतो, घोरता घोरता मधेच आवाज एकदम बंद होतो, छाती हलत असते पण हवा आत जात नाहीये असं दिसतं, आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास ओढतो आणि कूस बदलतो. मी रात्री उठून बघत बसते. सकाळी उठतो तेव्हा झोप झालीच नाही असा चेहरा असतो आणि चिडचिड तर विचारूच नका.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की टॉन्सिल्स आणि ॲडेनॉइड्स (नाकाच्या मागे असलेली तशीच गाठ) दोन्ही काढून टाकू. एरवी मी लगेच हो म्हटलं असतं. पण माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते. पंचविशीत एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, डोळा हलवला की दुखायचं, आधी सगळ्यांना चष्म्याचा नंबर वाटला, मग एमआरआय, मग पाठीतलं पाणी काढून तपासणी, आणि मग हे नाव कळलं. तिचे टॉन्सिल्स लहानपणी काढले होते. मी आत्ता ऑपरेशनबद्दल वाचायला बसले तर समोर आलं की विसाव्या वर्षाच्या आत टॉन्सिल्स काढलेल्यांना एमएस होण्याची शक्यता २९ टक्क्यांनी जास्त. माझे हातपायच गळाले.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले असं काही नसतं, काळजी करू नका. चांगले आहेत ते, पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही, कारण जे वाचलं ते कुठल्या सोम्यागोम्याने लिहिलेलं नव्हतं, अभ्यासाचा हवाला होता. एकीकडे घरात हा आजार आहेच, दुसरीकडे हे ऑपरेशन, म्हणजे मी माझ्या हाताने त्याचा धोका वाढवतेय का? नवरा म्हणतो घोरणं डोळ्यासमोर आहे, एमएस कागदावर आहे, करून टाकू. मला नीट समजून घ्यायचंय. कोणी याबद्दल खोलात वाचलं असेल किंवा स्वतः यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

रानजाई

निशिगंधा, तुझी पोस्ट वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मला एमएस आहे आणि माझेही टॉन्सिल्स लहानपणी काढलेत. म्हणजे तू जो कागद वाचून घाबरलीस त्यातल्या आकड्यांत बसणारी बाई तुझ्याशी बोलतेय असं समज.

सुरुवात माझी पायांपासून झाली. कमरेखाली मुंग्या, आणि मान पुढे वाकवली की पाठीच्या कण्यातून पायापर्यंत झर्रकन करंट गेल्यासारखं व्हायचं. भांडी घासायला वाकलं तरी. आता बी पेशी (अँटिबॉडीज बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी करणारं इन्फ्युजन सहा महिन्यांनी घेते, बऱ्यापैकी स्थिर आहे, नोकरी करते, उन्हात किंवा तापात थकवा येतो आणि नजर जरा अंधुक होते पण थंड झालं की परत येते.

तुला हे सांगायचं कारण वेगळं आहे. माझ्या आईने असंच कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तिने मनात धरलंय की मीच हिचे टॉन्सिल्स काढायला लावले म्हणून हिला हे झालं. मी कितीदा सांगितलं, न्यूरोलॉजिस्टनी तिला समोर बसवून सांगितलं, तरी डोळ्यातलं पाणी थांबत नाही. तेव्हा घसा इतका वाईट होता की मला पाणी गिळता यायचं नाही, तिने डॉक्टरांचं ऐकलं आणि मुलीला त्रासातून सोडवलं, यात तिचं काय चुकलं? ज्या आया मुलांची काळजी घेतात त्यांच्याच डोक्यावर हे ओझं येतं हे मला अजिबात सहन होत नाही.

आमच्या न्यूरोलॉजिस्टनी जे सांगितलं ते असं की एमएस एका गोष्टीने होत नाही. जनुकांचा कल असतो, त्यात एचएलए डीआरबी१ १५:०१ नावाचा प्रकार असेल तर धोका साधारण तिप्पट होतो, पण तो असलेल्या बहुतेकांना एमएस होतच नाही. त्यावर एपस्टीन-बार व्हायरस, ड जीवनसत्त्व कमी असणं, सिगरेट, पौगंडावस्थेतलं जास्त वजन, असं एकावर एक चढत जातं. या यादीत टॉन्सिल्सचं ऑपरेशन त्यांनी घेतलंच नाही, मी विचारलं तेव्हा म्हणाले की अभ्यास आहेत पण सरळ कारण म्हणावं इतकं त्यात बळ नाही.

बहिणीशी बोललीस का याबद्दल? तिला विचार, ती तुझ्यापेक्षा शांतपणे सांगेल बघ. ज्याला आजार असतो तो रोज त्याच्याबरोबर राहतो, त्याच्या नावाची भीती बाहेरच्यांना जास्त वाटते.

वाटसरू

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. शरीरात एखादी गोष्ट असते ती उगाच नसते. टॉन्सिल्स म्हणजे घशाच्या दारावरचा पहारा आहे, नाकातोंडातून जे आत येतं त्याची पहिली ओळख तिथे होते, आणि लहानपणीच ते सगळ्यात जास्त काम करत असतात. पोलिओच्या साथींच्या काळात डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की नुकतेच टॉन्सिल्स काढलेल्या मुलांना पोलिओ झाला तर तो मेंदूच्या देठाला धरणारा, गिळणं आणि श्वास बंद पाडणारा वाईट प्रकारचा व्हायचा, म्हणून साथ चालू असताना हे ऑपरेशन पुढे ढकलायचे. म्हणजे घशातला एक भाग काढल्याने मज्जासंस्थेच्या आजारावर परिणाम होऊ शकतो हे एकदा दिसलेलं आहे. २०१८ साली डेन्मार्कच्या जवळजवळ १२ लाख मुलांच्या नोंदींवर अभ्यास झाला, त्यात नऊ वर्षांच्या आत टॉन्सिल्स काढलेल्यांना पुढे श्वसनाचे आजार जास्त झालेले दिसले. एमएसचं सिद्ध झालं नसेल, पण घरात आजार असताना थांबता येत असेल तर थांबावं असं मला मनापासून वाटतं. मोठं झाल्यावर टॉन्सिल्स आपोआप आक्रसतात.

आकडेमोड

निशिगंधा ताई, माझं काम आरोग्याच्या आकडेवारीचं आहे, हा विषय मी बराच वाचलाय, जरा लांब लिहितो, सावकाश वाचा.

तुम्ही वाचलेला २९ टक्क्यांचा आकडा खरा आहे, कोणी हवेत सोडलेला नाही. तो २०१३ सालच्या एका एकत्रित विश्लेषणातला आहे. त्यात ३३ अभ्यास गोळा केले होते, एमएसचे २७,३७३ पेशंट आणि तुलनेसाठी २,११,७५६ बिनआजाराची माणसं. विसाव्या वर्षापर्यंत टॉन्सिल्स काढलेल्यांत एमएसचं गुणोत्तर १.२९ आलं, म्हणजे न काढलेल्यांच्या तुलनेत २९ टक्क्यांनी जास्त. विसाव्या वर्षानंतर काढलेल्यांत ठाम संबंध दिसला नाही. फक्त ॲडेनॉइड्स काढलेल्यांतही दिसला नाही. पण त्याच विश्लेषणात अजून एक गोष्ट आहे जी बातमी करणारे सोडून देतात, लहानपणी अपेंडिक्स काढलेल्यांतही गुणोत्तर १.१६ आलं. आता अपेंडिक्स पोटात एका कोपऱ्यात, टॉन्सिल्स घशात, दोन्हींचा एमएसशी थोडाथोडाच आणि दोन्हींचा लहान वयातच संबंध दिसतो, तेव्हा मला पहिला संशय येतो तो ऑपरेशनवर नाही, ऑपरेशनपर्यंत नेणाऱ्या गोष्टीवर. इन्फेक्शन्स, त्यांना शरीराने दिलेली प्रतिक्रिया, किंवा ज्या घरातली मुलं डॉक्टरकडे जास्त जातात ती घरं.

पावसात ज्यांच्या हातात छत्री आहे त्यांचे पाय जास्त ओले दिसतात, म्हणून छत्रीने पाय भिजतात असं आपण म्हणत नाही. टॉन्सिल्स उगाच कोणी काढत नाही, वारंवार इन्फेक्शन झालेल्या मुलांचेच काढतात. मग पुढे जे दिसतं ते काढल्यामुळे की त्या इन्फेक्शन्समुळे, हे नुसत्या मोजणीतून वेगळं करता येत नाही. वाटसरू यांनी डेन्मार्कचा जो अभ्यास सांगितला त्यावरही हाच आक्षेप घेतला गेला, ज्या मुलाचा घसा-नाक मुळातच नाजूक त्याचेच टॉन्सिल्स निघणार आणि त्यालाच पुढे श्वसनाचा त्रास होणार. पोलिओचं त्यांनी म्हटलेलं खरं आहे, पण तिथे घशात ताजी जखम आणि त्याच वेळी आसपास व्हायरस अशी गाठ पडायची. वीस वर्षांनी होणाऱ्या आजाराला ते जसंच्या तसं लावता येत नाही.

आणि गंमत म्हणजे एमएसची ही शंका पोलिओच्याच वाटेने आली. १९६० च्या दशकात काही संशोधकांचा अंदाज होता की एमएस पोलिओसारखा असेल, म्हणजे एखादं इन्फेक्शन अगदी लहानपणी झालं तर बिनबोभाट निघून जातं आणि उशिरा झालं तर मज्जासंस्थेला धरतं. त्याच ओघात डेव्हिड पॉस्कान्झर यांनी १९६५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात टॉन्सिल्स आणि एमएसवर लिहिलं. तिथून पुढे कुठे संबंध दिसला, कुठे नाही, असंच चालू राहिलं. २००० साली केंब्रिजच्या गटाने परत तपासलं तेव्हा टॉन्सिल्स काढल्याने एमएस सुरू होण्यावर किंवा त्याच्या स्वरूपावर परिणाम होतो याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

जुन्या अभ्यासांचं अजून एक आहे. त्या पेशंटांचं बालपण ज्या काळात गेलं त्या काळात टॉन्सिल्स सरसकट काढले जायचे. १९३४ सालची न्यूयॉर्कची नोंद आहे, ११ वर्षांची १००० मुलं पाहिली तर ६१ टक्क्यांचे आधीच काढलेले. उरलेल्यांना डॉक्टरांनी तपासलं, त्यातल्या ४५ टक्क्यांना काढा म्हणाले. ज्यांना नको म्हटलं होतं ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली तर त्यांतल्याही ४६ टक्क्यांना काढा. परत उरलेली तिसऱ्यांदा दाखवली, तरी ४४ टक्के. म्हणजे घसा किती खराब यापेक्षा मूल किती वेळा डॉक्टरपुढे गेलं यावर ठरत होतं! आणि डॉक्टरपुढे जास्त जाणारी मुलं म्हणजे बहुतेक बऱ्या परिस्थितीतल्या, कमी गर्दीच्या घरातली, जिथे काही व्हायरस लहानपणी न भेटता उशिरा भेटतात. हा धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तो थेट एपस्टीन-बार व्हायरसकडे जातो.

हा व्हायरस लाळेतून पसरतो, जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात तो असतोच. आत शिरतो तो घशातून, टॉन्सिल्समधल्या बी पेशींना धरतो आणि मग जन्मभर त्याच पेशींत दडून राहतो. अगदी लहानपणी झाला तर बहुतेकांना कळतही नाही. पण पौगंडावस्थेत किंवा नंतर झाला तर ग्लँड्युलर फीवर होऊ शकतो, आठवडेच्या आठवडे ताप, मानेला गाठी, टॉन्सिल्स इतके सुजतात की घशात जागा उरत नाही. ज्यांना असा ग्लँड्युलर फीवर होऊन गेलाय त्यांच्यात एमएसचं प्रमाण साधारण दुप्पट दिसतं, हे खूप अभ्यासांत परत परत आलेलं आहे. आता कुणाचा घसा या व्हायरसने सुजला आणि त्यानंतर टॉन्सिल्स काढले, तर नोंदीत काय राहणार? ऑपरेशन. व्हायरस झाला होता हे वीस वर्षांनी कोणाला आठवत नाही, भरती होऊन झालेलं ऑपरेशन मात्र सगळ्यांना आठवतं. आणि आजार झालेला माणूस मागचं जास्त खोदून आठवतो हेही आहेच, त्यानेही असले आकडे फुगतात.

२०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेला अभ्यास बघा. अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून जास्त तरुणांची २० वर्षांची माहिती, त्यांचं रक्त वेळोवेळी साठवून ठेवलेलं, नोकरीत असताना ९५५ जणांना एमएसचं निदान झालं. एपस्टीन-बारचं इन्फेक्शन झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट झालेला दिसला, तसाच लाळेतून पसरणाऱ्या सायटोमेगॅलो व्हायरसने असं काही दिसलं नाही. शिवाय मज्जातंतूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एक प्रथिन असतं, ते या लोकांत व्हायरस झाल्यानंतरच वाढलेलं होतं, आधी नाही. त्याच वर्षी नेचर या नियतकालिकात आलं की या व्हायरसच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या ग्लायलकॅम नावाच्या प्रथिनाशी मिळताजुळता आहे, त्यामुळे व्हायरसविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडीज आपल्याच मेंदूतल्या प्रथिनाला धरू शकतात. एकीकडे ३२ पट आणि दुसरीकडे १.२९, एवढा फरक आहे.

आता तुमच्या मुलाचं. २९ टक्के ऐकायला भयंकर वाटतं कारण कशाचे २९ टक्के ते कोणी सांगत नाही. समजा अशी जागा धरू जिथे एमएस बऱ्यापैकी आहे आणि १०,००० मुलांमागे आयुष्यभरात ३० जणांना होतो. सगळा दोष ऑपरेशनचाच आहे असं वादासाठी धरून चाललं, तर टॉन्सिल्स काढलेल्या १०,००० मुलांत ३९ होतील. म्हणजे १०,००० मध्ये ९ जास्त, आणि तेही दोष खरंच ऑपरेशनचा असेल तर. घरच्या आजाराचं म्हणाल तर सख्ख्या भावंडांना किंवा मुलांना १०० मध्ये साधारण २-३ जणांना होतो, अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला असेल तर दुसऱ्याला साधारण चारातल्या एकालाच होतो. मावशी म्हणजे त्याहून लांबचं नातं, तिथे धोका अजून खाली येतो.

कानगोष्ट

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. इथे कोणाला न तपासता सल्ला देणार नाही, पण पोस्टमध्ये जे लिहिलंय त्यातल्या एका गोष्टीवर मला बोलायलाच हवं, कारण एमएसच्या चर्चेत ती मागे पडतेय.

ताई, तुम्ही लिहिलंत की घोरता घोरता आवाज बंद होतो, छाती हलते पण हवा जात नाही, मग दचकून श्वास घेतो. हे वर्णन झोपेत श्वास अडण्याचं आहे, आम्ही स्लीप ॲप्निया म्हणतो. वारंवार घसा धरणं आणि हे, दोन वेगळी कारणं आहेत आणि दोन्हींचा विचार वेगळा करावा लागतो.

नुसता घसा धरत असेल तर बहुतेक ठिकाणी पिट्सबर्गच्या डॉ. पॅराडाइज यांच्या गटाचे निकष मानतात, एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी ३ वेळा, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरने बघून लिहिलेलं असायला हवं, ताप, मानेच्या गाठी, टॉन्सिल्सवर पू वगैरे. याच्या खाली असेल तर आम्हीही थांबा म्हणतो, कारण बऱ्याच मुलांचा त्रास वयाबरोबर कमी होतो. तिथे वाटसरूंचं म्हणणं मला पटतं.

पण श्वास अडत असेल तर हिशोब बदलतो. रात्रभर झोप तुटते, ऑक्सिजन खाली जाऊ शकतो, दिवसा चिडचिड, वर्गात लक्ष नाही, काही मुलांची वाढ मागे पडते, काहींना अंथरूण ओलं होतं. २०१३ साली ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवर चाचणी झाली, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन आणि अर्ध्यांना नुसतं लक्ष ठेवून वाट पाहणं. सात महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल झाली, वाट पाहणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांची. लक्ष देण्याच्या चाचण्यांत मोठा फरक पडला नाही, पण वागणूक, झोप, मुलाचं एकूण बरं वाटणं यात पडला. दोन्ही बाजू त्यात आहेत, ४६ टक्के मुलं ऑपरेशनशिवायही सुधारली हे खरं, म्हणून सौम्य असेल तर काही महिने थांबतातही. पण सौम्य आहे की नाही ते आधी कळायला हवं.

प्रतिकारशक्तीचं सगळे विचारतात. टॉन्सिल्स काढल्यावर रक्तातल्या काही अँटिबॉडीज थोड्या खाली येतात, बहुतेक मुलांत नॉर्मलच्या मर्यादेतच राहतात. घशाभोवती त्याच जातीच्या पेशींचं आख्खं कडं असतं, जिभेच्या मुळाशी, नाकाच्या मागे, त्यातला एकच भाग निघतो. ज्यांना फक्त अडथळ्याचा त्रास आहे त्यांच्यात हल्ली टॉन्सिलचं बाहेरचं आवरण ठेवून आतला वाढलेला भाग तेवढा काढायची पद्धतही आहे, दुखणं आणि रक्तस्राव कमी होतो, काहींत तो भाग परत वाढतो. तुमच्या केसमध्ये चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना राग येणार नाही.

ऑपरेशनचे खरे धोके विचारायचे असतील तर ते भुलीचे आणि रक्तस्रावाचे. रक्तस्राव पहिल्या दिवशी किंवा खपली सुटायच्या वेळी, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास होऊ शकतो. श्वास अडणाऱ्या मुलांना भुलीनंतर जास्त जपावं लागतं, म्हणून रात्रभर ठेवून घेतील का तेही विचारा. आईवडिलांनी रात्री उशाशी बसून काळजी करायची तर या गोष्टींची करावी, वीस वर्षांनंतरच्या एमएसची नको.

वाटसरू

डॉक्टर, श्वास अडण्याचं मुद्देसूद सांगितलंत, धन्यवाद. माझा रोख वारंवार घसा धरण्यावर होता. श्वासच अडत असेल तर वाट बघा असं मीही म्हणणार नाही. पण एक विचारतो, घरात एमएस आहे म्हणून मुलाच्या बाबतीत काहीच वेगळं करायचं नाही का? नुसतं बसून राहायचं हेही पटत नाही.

आकडेमोड

करण्यासारखं आहे की, फक्त ते घशात नाही. मोठा झाल्यावर सिगरेट नको, ओढणाऱ्यांत एमएसचं प्रमाण साधारण दीडपट दिसतं आणि दुसऱ्याच्या धुराचाही थोडा संबंध दिसतो, त्यामुळे घरात कोणी ओढत असेल तर तिथूनच सुरुवात. पौगंडावस्थेत वजन आटोक्यात, बाहेर खेळणं, ड जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टरांना विचारून भरून काढणं. एपस्टीन-बारवर अजून बाजारात लस नाही, चाचण्या चालू आहेत. वरच्या गोष्टी एमएस नसला तरी फायद्याच्याच, त्यामुळे त्यात गमवायचं काही नाही.

निशिगंधा

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा तीनदा वाचलं. आकडेमोड, १०,००० मध्ये ९ हे वाचल्यावर पहिल्यांदा श्वास सोडला. नवऱ्यालाही दाखवलं. रानजाई, तुझ्या आईचं वाचून रडूच आलं, माझी आईही ताईच्या बाबतीत असंच काहीतरी मनात धरून असेल का हे मला कधी सुचलंच नव्हतं. ताईला फोन केला. ती म्हणाली माझ्या आजाराचं नाव घेऊन त्याची झोप अडवून ठेवू नकोस, मला जास्त वाईट वाटेल. आणि आईला हा धागा वाचून दाखव म्हणाली.

कानगोष्ट डॉक्टर, अजून एकच विचारते. झोपेची तपासणी आधी करून घ्यावी का? आमच्या डॉक्टरांनी ती सांगितली नाही, नुसतं घसा बघून आणि माझं ऐकून ऑपरेशन म्हणाले.

कानगोष्ट

टॉन्सिल्स मोठे दिसतायत, आई श्वास अडल्याचं स्पष्ट सांगते आणि मूल बाकी निरोगी आहे, अशा वेळी बरेच डॉक्टर तपासणीशिवाय ऑपरेशन ठरवतात, ते चुकीचं नाही. वय दोनच्या खाली, जास्त वजन, हृदयाचा किंवा स्नायूंचा आजार, डाउन सिंड्रोम, किंवा टॉन्सिल्स लहान असून लक्षणं जास्त, असं असेल तर तपासणी आधी करायला सांगतो. तुमच्या मनात शंका आहे तर मागा, मागण्यात काही वावगं नाही.

तोवर एक करा. रात्री गाढ झोपेत, विशेषतः पहाटेच्या सुमारास, चेहरा आणि उघडी छाती दोन्ही दिसतील असा मोबाइलवर दोन-चार मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाज चालू ठेवून. श्वास किती वेळ थांबतो, गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो का, हे त्यात दिसतं. तो डॉक्टरांना दाखवा, आणि सोबत मागच्या वेळी घसा धरला त्याच्या चिठ्ठ्या घेऊन जा.

रानजाई

निशिगंधा, ऑपरेशनचं काय ठरतं ते कळव. आणि आईला वाचून दाखवशील तेव्हा ताईला शेजारी बसव.

निशिगंधा

हो, नक्की. व्हिडिओ आज रात्रीच काढते.